बोटभर बुटक्या गाडीबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
रस्ते, पदपथ व गतिरोधक शाखा,
नागरी बांधकाम कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे
(उजवीकडच्या खिडकीत अर्ज घेत नाहीत, हे अर्जदाराला आता ठाऊक आहे).

विषय : तळघराच्या चढाच्या तोंडाशी बांधलेला गतिरोधक, एकाच नावाच्या एसयूव्हीची साधी व स्पोर्ट अशी दोन मॉडेल्स, त्यांच्या उंचीतला बोटभर फरक आणि त्या फरकात अडकलेली अर्जदाराची आई यांबाबत.

संदर्भ :
१) आपल्या कार्यालयाचे पहिले पत्र, ज्यात सदर गतिरोधक अस्तित्वात नसल्याचे कळविले आहे.
२) आपल्या कार्यालयाचे दुसरे पत्र, ज्यात सदर गतिरोधक अस्तित्वात असला तरी अडथळा नसल्याचे कळविले आहे.
३) आपण स्वतः केलेली स्थळपाहणी, ज्याबद्दल अर्जदार ऋणी आहे.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा दुसऱ्या एका कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर उभी हयात काढून निवृत्त झालेला इसम असून आई व पत्नी यांच्यासह सदर इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहतो. अर्ज कसा लिहावा हे त्याला कळते. अर्ज एका पानाचा असावा, त्यात भावना नसाव्यात आणि मागणी पहिल्याच परिच्छेदात यावी. मागील दोन्ही अर्ज त्याने तसेच लिहिले होते व त्यांचे काय झाले ते वर संदर्भात आलेच आहे. म्हणून हा तिसरा अर्ज सविस्तर लिहिला आहे. तो खुर्चीत बसून, चहा पिऊन झाल्यावर वाचावा, ही पहिली विनंती.

२. इमारतीची रचना आपण पाहिली आहे, तरी फाइलसाठी पुन्हा नमूद करतो. मुख्य दारातून रस्त्यावर उतरायला पायऱ्या आहेत. त्यांना एकाच बाजूने कठडा आहे आणि तोही धरला की हलतो. लिफ्ट मात्र थेट तळघरात उतरते. तळघरात गाड्या उभ्या असतात व तेथून एका चढाने गल्लीत निघतात. चढ इतका उभा आहे की दूधवालासुद्धा सायकलवरून उतरून ती ढकलत नेतो. अर्जदाराच्या आईचा उजवा गुडघा शस्त्रक्रियेनंतर वाकत नाही. आईंचा गुडघा आणि आईंचा स्वभाव, दोन्ही एकाच डॉक्टरांनी बसवलेले दिसतात, असे अर्जदाराची पत्नी म्हणते. हे विधान तिने आईंसमोर केलेले नाही व आपणही करू नये. सारांश, पायऱ्या आईंना बंद, चढ बंद. लिफ्टने तळघरात उतरणे, गाडीत बसणे आणि गाडीने बाहेर पडणे, एवढी एकच वाट त्यांना उघडी होती.

३. आता गाडीविषयी. साहेब, न वाकणारा गुडघा असलेल्या माणसाला गाडीत बसवणे ही काय चीज आहे, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. गाडी बुटकी असेल तर आत बसताना माणूस विहिरीत पडल्यासारखा पडतो आणि उठवायला दोघे लागतात. गाडी उंच असेल तर चढावे लागते. स्टूल ठेवावे तर स्टुलावर चढायला जो गुडघा वाकवावा लागतो तोच वाकत नाही. बूड टेकवले की टेकले, मग दोन्ही पाय एकदम आत वळवले की झाले, अशा नेमक्या उंचीची गाडी हवी होती. त्यासाठी अर्जदाराने आईंना घेऊन बरीच शोरूम पालथी घातली. शेवटच्या शोरूममध्ये एकाच एसयूव्हीची दोन मॉडेल्स शेजारी उभी होती. एक साधे, एक स्पोर्ट. साध्यात आईंची टाच जमिनीवरून सुटेना व बूड सीटवर पोहोचेना. स्पोर्टमध्ये त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, जराशा मागे रेलल्या आणि बसल्या. विक्रेता मुलगा अर्जदाराला हळूच म्हणाला, “काका, हे तरुण पोरांचं मॉडेल आहे हो. खाली बसवलंय, वळणावर चिकटून जातं. तुम्हाला साधंच बरं.” त्यावर आई आतून म्हणाल्या, “हीच घे. हिला माझी उंची कळते.”

४. अशा रीतीने निवृत्त कारकुनाच्या दाराशी काळ्या टपाची, लाल दोऱ्याच्या शिवणीच्या सीटची, सुरू केली की गुरगुरणारी गाडी आली. इमारतीत अर्जदाराला ‘रेसर’ म्हणू लागले. अर्जदाराने ते मनावर घेतले नाही. स्पोर्ट मॉडेलची जमिनीपासूनची उंची साध्या मॉडेलहून वीस मिलिमीटर कमी आहे, असे कंपनीच्या पत्रकात छापले आहे. वीस मिलिमीटर म्हणजे बोटाची जाडी. लोक या बोटभर फरकाला रुबाब म्हणतात. अर्जदाराच्या घरी त्याला आईचे बाहेर पडणे म्हणतात.

५. आई बाहेर पडून कोठे जात, हेही सांगणे भाग आहे, कारण दुसऱ्या पत्रात “प्रवासाचे प्रयोजन अत्यावश्यक असल्याचे दिसून येत नाही” असा शेरा आहे. आईंना एक थोरली बहीण आहे. अर्जदार त्यांना मावशी म्हणतो, आई त्यांना अक्का म्हणतात आणि त्या आईंना या वयातही चिमे म्हणतात. मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे असतात. त्यांची दृष्टी पूर्ण गेली आहे आणि डावी बाजू लुळी पडल्यापासून त्यांना खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत एवढाच प्रवास उरला आहे. दर गुरुवारी आई त्यांच्याकडे जात, त्यांच्या मागे खुर्ची ओढून बसत आणि त्यांचे केस विंचरून वेणी घालून देत. मावशींचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. लहानपणी मावशींनी आईंची वेणी घातली, म्हातारपणी आई मावशींची घालतात. वेणी होईपर्यंत दोघी कोणाकोणाला नावे ठेवत ते या अर्जाच्या कक्षेबाहेर आहे. एवढेच नमूद करतो की मावशींना चेहरे दिसत नाहीत व आवाजावर त्यांचा भरवसा नाही. त्या बहिणीला हातांवरून ओळखतात.

६. आता गतिरोधक. गल्लीच्या कोपऱ्यावर दवाखाना आहे. तेथे गाड्या भरधाव वळतात म्हणून तेथे गतिरोधक मंजूर झाला, हे योग्यच झाले. पांढऱ्या चुन्याची खूणही त्या जागी केली होती. ज्या दिवशी डांबराची गाडी आली त्या दिवशी खुणेवर कोणाची तरी मोटार उभी होती. मोटारवाला सापडेना. गल्लीत इकडून तिकडे मोटारीच मोटारी. मोकळी जागा एकच, आमच्या चढाचे तोंड, कारण तेथे ‘गाडी उभी करू नये’ अशी पाटी आहे व लोक ती पाळतात. डांबर गार होत चालले होते. मुकादमाने इकडेतिकडे पाहिले आणि मोकळी जागा दिसली तेथे गतिरोधक घातला. वॉचमनने त्याला विचारले तर तो म्हणाला, “गल्ली तीच आहे ना? मग झालं.” तळघरातून धापा टाकत वर येणाऱ्या गाडीला मुळात गतीच नसते, तिला रोधायचे काय, हा प्रश्न विचारायला त्या वेळी अर्जदार तेथे नव्हता. तो मावशींकडेच आईंना आणायला गेला होता. परत येताना गाडी उताराच्या ओढीने गतिरोधकावरून खाली उतरली, पण पोटाला खर्रकन घासली. आई म्हणाल्या, “काय रे मोडलं?” अर्जदार म्हणाला, काही नाही. त्या दिवसापासून आई बाहेर पडलेल्या नाहीत.

७. पहिल्या अर्जाला उत्तर आले की, नोंदीनुसार सदर गल्लीतील एकमेव गतिरोधक दवाखान्याच्या कोपऱ्यावर असून आपल्या इमारतीसमोर कोणताही गतिरोधक नाही, सबब तो काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हे पत्र अर्जदाराने गतिरोधकावर उभे राहून वाचले. त्याच संध्याकाळी अर्जदाराच्या पत्नीने पहार मागवण्याची सूचना केली. अर्जदार म्हणाला, सार्वजनिक मालमत्ता आहे, गुन्हा होईल. तिने विचारले, “जो नाहीच, तो फोडला तर गुन्हा कसला?” तरी अर्जदाराने पहार मागवली नाही. ज्याचा जन्म कार्यालयात गेला त्याला नसलेल्या गोष्टीची भीती असलेल्या गोष्टीहून जास्त वाटते.

८. दुसऱ्या अर्जानंतर आपण जातीने आलात. वास्तविक साहेब लोक अशा कामाला कनिष्ठांना पाठवतात, त्यामुळे अर्जदाराला फार आशा वाटली. योगायोग असा की आपल्याकडेही तीच एसयूव्ही आहे. आपण ती गतिरोधकावरून तळघरात उतरवलीत, वळवलीत, पुन्हा वर नेलीत. मग पुन्हा एकदा उतरवलीत. दुसऱ्या खेपेस आपण काच खाली करून वॉचमनकडे पाहून हसलात, असे तो सांगतो. त्यानंतर पत्र आले : ‘अर्जदाराचे वाहन व पाहणीचे वाहन एकाच मॉडेलचे असून पाहणीचे वाहन विनासायास गेले, सबब अडथळा नाही.’

९. महोदय, आपले वाहन साधे आहे. यात कमीपणा काही नाही. उलट ते उंच आहे. आपल्या गाडीच्या पोटाखाली जे बोट राहते ते अर्जदाराच्या गाडीच्या पोटाखाली राहत नाही. दोघींचे नाव एक, दिवे एक, दरवाजे एक. शेजारी शेजारी उभ्या केल्या तरच कळते की एक किंचित वाकून उभी आहे. जुळ्या भावांतला एक दारातून जातो म्हणून दुसऱ्याचे कपाळ आपटणारच नाही असे नसते. शिवाय पाहणीच्या वेळी आपल्या गाडीत आपण एकटे होता. आई हे सर्व गॅलरीतून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “त्याच्या गाडीत बसलंय कोण? सुटा माणूस. सुटा माणूस कुठूनही निघतो.”

१०. आईंचे हे म्हणणे अर्जदाराने आधीच्या अनुभवाशी ताडून पाहिले व ते अक्षरशः खरे निघाले. अर्जदार एकटा बसून गाडी काढतो तेव्हा ती पोट घासत, कुरकुरत का होईना, पार होते. मागच्या सीटवर आई बसल्या की गाडी त्यांच्या वजनाने जराशी दबते आणि गतिरोधकावर पोट टेकून बसते. पुढची चाके गल्लीत, मागची चढावर, मध्ये डांबराचा ढिगारा आणि त्यावर आई. गतिरोधक झाल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी ती अशी अडकली, वॉचमन व इस्त्रीवाला यांनी मिळून मागे ढकलली तेव्हा सुटली. आईंना गतिरोधकाअलीकडे उतरवावे तर तेथे उभा चढ आहे व त्यावर त्यांचा पाय ठरत नाही. म्हणजे प्रकरणाचे सार असे की गाडी बाहेर जाऊ शकते, अर्जदार जाऊ शकतो, अर्जदाराची पत्नी पायऱ्या उतरून जाऊ शकते. ज्यांच्यासाठी गाडी घेतली तेवढ्या एकट्या जाऊ शकत नाहीत.

११. अर्जदार हातावर हात धरून बसला, असे आपणास वाटू नये. (क) गॅरेजवाल्याकडून गाडीच्या स्प्रिंगखाली ठोकळे बसवून ती बोटभर उचलून घेतली. गाडी रिकामी व आईंच्या वजनाची तांदळाची पोती घालून, दोन्ही प्रकारे गतिरोधकावरून झोकात गेली. मग तळघरात आई बसायला आल्या. टाच सुटेना, बूड पोहोचेना. म्हणजे शोरूममध्ये जिला नाही म्हटले होते तीच साधी गाडी अर्जदाराने पदरचे ठोकळे लावून घरी तयार केली होती. ठोकळे काढले. (ख) गतिरोधकाच्या दोन्ही बाजूंना फळ्या टाकून चाके उचलण्याची युक्ती केली. दुसऱ्याच दिवशी आपल्या पथकाने फळ्या उचलून नेल्या आणि सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण केल्याची नोटीस दिली. नोटिशीत जागेचे वर्णन ‘गतिरोधकालगत’ असे आहे. गतिरोधक आहे याचा अर्जदाराकडे असलेला हा पहिला शासकीय पुरावा होय, त्याबद्दलही आभार. (ग) चाकाच्या खुर्चीत बसवून आईंना चढावरून नेऊन पाहिले. वॉचमन मागून ढकलत होता, अर्जदार पुढून ओढत होता. अर्ध्या चढावर वॉचमनची चप्पल सरकली आणि तिघेही काही काळ तसेच राहिले, ना वर ना खाली. आई म्हणाल्या, “मी काय कपाट आहे का रे?” (घ) पायऱ्यांवरून खुर्चीसकट उचलून नेण्याचा प्रस्ताव शेजाऱ्यांनी मांडला. आईंनी तो ऐकून घेतला व म्हणाल्या, “चौघांनी उचलायचं ते एकदाच. त्याची रंगीत तालीम नको.”

१२. येथवरची हकिकत अडथळ्याची झाली. यापुढची अर्जदाराला लिहायला जड जाते, परंतु तिच्याशिवाय मागणी समजणार नाही.

आमच्या घराण्यात ‘येत नाही’ म्हणायची पद्धत नाही. चप्पल सापडत नसली तरी फोनवर ‘निघालोच’ म्हणतात. गाडी अडकली त्या पहिल्या गुरुवारी आईंनी मावशींना फोन केला व म्हणाल्या, निघाले ग. गतिरोधकाचे त्यांनी सांगितले नाही. बहिणीकडे या गाडीची इतकी फुशारकी मारून झाली होती की ती डांबराच्या ढेकळाला हरली, हे सांगणे त्यांच्या जिवावर आले. पुढच्या गुरुवारी त्यांनी नेसून तयार होऊन पर्स घेतली, लिफ्टने तळघरात आल्या, गाडीत आपल्या जागी बसल्या आणि तेथून फोन लावला. अर्जदाराला पुढे बसायची आज्ञा झाली. “पूल आला बघ, अक्का. गर्दी आहे आज.” मग हात फोनवर ठेवून अर्जदाराला म्हणाल्या, “हॉर्न वाजव.” अर्जदाराने वाजवला. तळघरात हॉर्न केवढा घुमतो याची आपणास कल्पना नसेल. वॉचमन धावत आला आणि म्हणाला, “काका, गाडी बंद, हॉर्न चालू, काय प्रकार आहे?” त्याला प्रकार सांगितला. तेव्हापासून तो दर गुरुवारी खांबाआड उभा राहून “ए, बाजूला घे की!” असे दोनतीनदा ओरडतो. बिचाऱ्याला कोणी सांगितलेले नाही, स्वखुशीने करतो.

प्रत्येक वेळी पोहोचायच्या आत काहीतरी व्हावे लागे. एकदा टायर बसला. एकदा पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. एकदा पूलच बंद केला. मावशी दिवसभर रेडिओ ऐकतात. त्या म्हणाल्या, “पूल बंद असता तर बातमीत सांगितलं असतं.” त्यानंतर त्या फोनवर कमी बोलू लागल्या.

१३. येथे एक जुनी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अर्जदाराचे मामा, म्हणजे या दोघींचे भाऊ, गेले तेव्हा मावशींची तब्येत तोळामासा होती, म्हणून घरच्यांनी त्यांना कळवले नाही. मामा झोपलेत, मामा आत्ताच बाहेर पडले, मामांचा घसा बसलाय, असे पुष्कळ दिवस चालले. शेवटी मावशींनीच एक दिवस विचारले, “अजून किती दिवस झोपवणार आहात त्याला?” तेव्हा सांगावे लागले. त्यामुळे आपल्या घरात माणूस गेले की ते सारखे वाटेत असते, हे मावशींना पक्के ठाऊक झाले आहे.

साहेब, मावशींची अशी समजूत झाली आहे की आई वारल्या. फोनवर कोणी तरी त्यांचा आवाज काढते, बहुधा अर्जदाराची पत्नी. मागील गुरुवारी आईंनी न राहवून गतिरोधकाची खरी हकिकत सांगितली. स्पोर्ट मॉडेल, साधे मॉडेल, बोटभर फरक, सगळे. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, “पूल बंद होता ते बरं होतं. हे तर फारच जमवून आणलंत, बाई.” आई रडायला लागल्या. चिमीला बालपणी कोणी मारले ते सांगू का, कपाळावरची खूण कशी झाली ते सांगू का, असे विचारू लागल्या. मावशी म्हणाल्या, “सांगणारे सगळं सांगतात. हात आणा.” आणि फोन ठेवला. आई तळघरात गाडीत बराच वेळ बसून होत्या. वॉचमनने त्या दिवशी दिवे बंद करायला उशीर केला.

१४. मावशींच्या सूनबाई, म्हणजे अर्जदाराच्या वहिनी, यांचा काल फोन आला. मावशी कोणालाही केसांना हात लावू देत नाहीत. केसांचा पार गुंता झाला आहे. काल त्या आपण होऊन म्हणाल्या, “विंचरणारी गेली. कापून टाका, तुम्हाला तरी त्रास नको.” शुक्रवारी सकाळी केस कापणाऱ्या बाई यायच्या आहेत. वहिनींनी रडत रडत हे सांगितले. अर्जदाराने ते आईंना सांगितले नव्हते, परंतु आमच्या घरात काही न सांगून भागत नाही. आईंनी आज सकाळपासून पर्स मांडीवर घेतली आहे.

शासकीय भाषेत केस कापणे ही बाब किरकोळ ठरेल. अर्जदाराला मात्र भीती वाटते की ते केस एकदा गेले की मावशी वाट पाहणे सोडतील, आणि त्या वयात वाट पाहणे सोडल्यावर माणसाकडे फारसे काही राहत नाही. ही भीती त्याने येथे स्पष्ट लिहिली आहे.

१५. सबब मागणी पुढीलप्रमाणे :

(अ) गतिरोधक दवाखान्याच्या कोपऱ्यावर, जेथे तो कागदोपत्री आहेच, तेथे प्रत्यक्षातही हलवावा. चुन्याची खूण अजून पुसट दिसते.

(आ) गुरुवारच्या आत ते शक्य नसल्यास, येत्या गुरुवारी दुपारी फेरपाहणी करावी. ही पाहणी आपल्या वाहनाने न करता अर्जदाराच्या स्पोर्ट मॉडेलने व आई मागच्या सीटवर बसलेल्या असताना करावी. सोबत आपले चार कामगार व दोन फळ्या असाव्यात. आपल्या उपस्थितीत टाकलेल्या फळ्या अतिक्रमण ठरणार नाहीत, अशी अर्जदाराची समजूत आहे. गाडी एकदा पार झाली की पाहणीचा निष्कर्ष काहीही लिहावा, अर्जदार हरकत घेणार नाही.

(इ) हेही शक्य नसल्यास, शेवटची मागणी. ती या शाखेच्या अखत्यारीत येत नाही, हे अर्जदार जाणतो. मावशी दस्त नोंदणीच्या कार्यालयात नोकरीला होत्या. शाई नसलेला, कागदावर दाबून उमटवतात तो शिक्का त्यांनी तेथे वर्षानुवर्षे मारला. तो शिक्का त्या आजही बोटांनी वाचतात. त्यांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला येतो तेव्हा कागदावरून अंगठा फिरवून, शिक्का नीट बसलाय की नाही ते सांगतात. माणसांच्या आवाजावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. शिक्क्यावर आहे. आपल्या कार्यालयात असा शिक्का असल्याचे अतिक्रमणाच्या नोटिशीवरून दिसते व तो उत्तम बसतो. तरी आपण सही व त्या शिक्क्यानिशी खालील दाखला द्यावा, म्हणजे अर्जदार तो शुक्रवारी सकाळी, केस कापणाऱ्या बाईंच्या आधी, मावशींच्या हातात देईल :

‘दाखला देण्यात येतो की, सदर इमारतीसमोर गतिरोधक आहे. तो वाहनास आडवा येतो. अर्जदाराची आई हयात असून आज रोजी तळघरात गाडीत बसलेल्या आढळल्या. त्या निघालेल्या आहेत.’

आईंना हा मसुदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “हयातीचा दाखला रस्तेवाल्यांकडून? बरोबर आहे. जीव त्यांच्याच रस्त्यात अडकलाय.” मसुद्यात त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. ‘निघालेल्या आहेत’ हे शेवटी न घालता सुरुवातीला घालावे, कारण अक्का पहिली ओळच दोनदा चाचपते.

आपल्या उत्तराकडे, व ते न आल्यास आपल्या गाडीच्या आवाजाकडे, कान लावून असलेला,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, चौथा मजला
दिनांक : मंगळवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

अर्जदाराच्या आईची सही, संमतीदाखल : (सही) वाचून पाहिलं. माझं वजन तांदळाच्या पोत्यात मोजल्याचं यात आलंय, ते खोडायला सांगितलं होतं.

सोबत जोडले आहे :
१. गाडीच्या पोटावरील ओरखड्यांची छायाचित्रे.
२. कंपनीचे पत्रक, साध्या व स्पोर्ट मॉडेलच्या उंचीचा आकडा अधोरेखित करून.
३. फळ्यांबाबतच्या अतिक्रमणाच्या नोटिशीची प्रत.
४. आईंच्या गुडघ्याबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
५. आई व मावशी यांच्या नात्याचा पुरावा म्हणून आईंचा लाकडी कंगवा जोडणार होतो, त्यात मावशींचे दोन लांब केस अजून अडकलेले आहेत. तो जोडलेला नाही. तो आईंच्या पर्समध्ये आहे आणि त्या देत नाहीत. गुरुवारी लागेल, म्हणतात.